काठ बाहेर

अक्का गेली त्या साली तिच्या सासरी गूळ फार चांगला उतरला. हे मला तिच्या सासूकडूनच कळले. दहाव्याला नदीवरून परत आल्यावर सोप्यात बसून ती एका पाहुणीला सांगत होती, "औंदा ढेपा लय पिवळ्याधमक उतरल्या बघा, आन घरात ह्ये असं झालं." मी तिच्या मागेच बसले होते. ढेपा आधी आणि अक्का नंतर, हा क्रम मी त्या दिवशी मनात ठेवला. मला गोष्टी मनात ठेवण्याची सवय आहे. मी कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाजवळ साठा बराच होतो.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवले. आमचे घर कऱ्हाडजवळ मलकापूरला. वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले. पलटणीतच ते लिहायला-वाचायला शिकले होते, आणि दोघींपैकी एकीला तरी पुरते शिकवायचे असे त्यांच्या मनाने घेतले होते. ती एक मी ठरले. मी फायनल झाले, साताऱ्याला ट्रेनिंग करून आले आणि कऱ्हाडला मुलींच्या शाळेत शिकवू लागले. अक्का चौथीनंतर चुलीपाशी बसली. तिला त्याचे वाईट वाटले असेल. तिने कधी दाखवले नाही. मी पुस्तक घेऊन बसले की ती समोर वाकळ घेऊन बसे आणि म्हणे, "मोठ्यानं वाच की. मलाबी कळू दे राणी फुडं काय करती."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. आमच्याकडे ते घरोघरी असते, पण अक्काचा हात वेगळा होता. तिचे टाके तांदळाच्या कणीएवढे, आणि ओळ पट्टी धरून आखल्यासारखी. लग्न झाल्यावर तिने सासरी एक नवीनच गोष्ट काढली. सोप्यातल्या बैठकीला चार लोड होते. त्यांतल्या एकाला तिने वाकळेसारखा शिवलेला अभ्रा घातला. नुसत्या कापडाचा अभ्रा सुरकुततो, सरकतो. हा लोडाला कातडीसारखा बसला. गावातल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. उरलेल्या तिन्हींनाही तसेच करायचे तिच्या मनात होते.

त्यातली खुबी तिने मला शिकवली होती. शिवताना दोरा कापडाला आत ओढत जातो आणि कापड आक्रसते. लोडाच्या मापाने आधी कापले आणि मग शिवले, तर अभ्रा तोकडा पडतो. म्हणून मोठे कापड घेऊन आधी सगळे शिवून काढायचे, मग त्यावर लोड ठेवून माप घ्यायचे आणि कापायचे. तेही बोटभर कमीच.

"कमी का?" मी विचारले होते.

"लोड दाबून आत घालायचा. एकदा गेला की बाहीर येत न्हाई," अक्का म्हणाली. "बाई सासरला जाती तसा." आणि स्वतःच हसली.

तिचे पोट दुखू लागले तेव्हा घरचे गुऱ्हाळ चालू होते; बैलांच्या चरकावर ऊस पिळला जात होता आणि रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, आटत होता. नवरा लढाईवर, समुद्रापलीकडे. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षे झालेली. सगळा कारभार सासूच्या हातात. सासूने ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. दुसऱ्या दिवशी अक्काला उठून बसता येईना. शेजारची एक बाई तिच्या उशाशी होती. पुढचे मला तिने सांगितले. ती सासूला म्हणाली, "गाडी जुंपा, सडकंपतोर तरी न्या. तितनं मोटार मिळंल मिरजंला. मोठा दवाखाना हाय तितं." सासू म्हणाली, "बैल चरकाला हायती. काहिलीत रस पडलाय. आजचा दिस जाऊ द्या."

दिवस गेला. अक्काही गेली. सडक त्या घरापासून इतकी जवळ आहे की मोटारीचा भोंगा अंगणात ऐकू येतो.

वडिलांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "आता बोलून ती येणार हाय का?" येणार नव्हती. पण माझे मागणे ते नव्हतेच. अक्काच्या सासूने ते वाक्य चार माणसांत, स्वतःच्या तोंडाने, पुन्हा म्हणावे एवढेच मला हवे होते. बैल चरकाला होते. शाळेत फळ्याकडे तोंड करून मी कवितेच्या ओळी लिही आणि ते वाक्य माझ्या दातांखाली असे.

वर्ष भरायच्या आत अक्काची सासू आमच्या दारात आली. लढाई संपली होती. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, सुटीवर आले होते. त्यांच्यासाठी पलूसकडची मुलगी पाहिली होती आणि मुलीकडची माणसे घर बघायला येणार होती. पाणी पिऊन झाल्यावर ती मुद्द्याला आली.

"बैठकीची पार रया गेलीया," ती मला म्हणाली. "तुझ्या अक्काच्या हातचा एक अभ्रा हाय, त्योबी विटलाय. नवं कापड तर कंट्रोलात घावंना. तुझा हात तिच्यावाणीच चालतोय म्हणं. चारीबी लोडांस्नी करून दे."

मग तिने गाठोडे सोडले. आत अक्काची लुगडी होती. तांबड्या रुईफुली काठाचे हिरवे इरकली, दाजींनी आणलेले. संक्रांतीची चंद्रकळा. आम्ही माहेरून नेसवलेले अंजिरी. त्या दिवसांत कापड कार्डावर मिळे आणि तेही जाडेभरडे, हे मला मान्य आहे. लोक पोत्याचे सदरे घालत. तरीही माझा समज होता की ती लुगडी तिने कोणा गरजू बाईला दिली असतील, नाहीतर पेटीत ठेवली असतील. लोकांनी पाठ टेकायला ती द्यावी असे तिला वाटले.

"काठ आत घाल," ती म्हणाली. "वरनं दिसाय नगंत. बायका लुगडी वळखत्यात. आन तूबी ये त्या दिवशी. पाव्हणं इचारत्यात, पयलीच्या माहेरची माणसं राजी हायती का म्हणून. तू घरात वावरताना दिसलीस की झालं."

हे खरेच होते. बिजवराला मुलगी देताना आमच्याकडे ही चौकशी होते. पहिलीच्या माहेरची तक्रार असली तर शहाणी माणसे पाय मागे घेतात. म्हणजे तिला माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या, अभ्रे आणि मी.

"करते, मावशी," मी म्हणाले. "पण सुतळीने माप घेऊन पाठवलेत तर चालणार नाही. लोडच पाठवा. आणि जुने अभ्रे सगळे द्या, आतल्या थराला लागतील."

वडील आतून ऐकत होते. ती गेल्यावर बाहेर येऊन म्हणाले, "तू त्यांचं शिवणार?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितले. संध्याकाळी कऱ्हाडहून येताना त्यांनी माझ्यासाठी जाड सुया आणि दोऱ्याची रिळे आणली.

लोड बैलगाडीतून आले. गाडीवान म्हणाला, "उजाडायला जुंपली, मास्तरीणबाई. मालकीण म्हणल्या, लोडांवर धूळ बसाय नगं. ताडपत्री घालून आणल्यात." बैल तुकतुकीत होते, गळ्यात घुंगुरमाळा. लोडांसाठी ते एवढा पल्ला चालून आले होते. मी त्यांच्यापुढे पाण्याची बादली ठेवली. त्यांचा काही दोष नव्हता. गाडीवानाला मात्र मी पाणी विचारले नाही, आणि तो गेल्यावर मला त्याचे काही वाटलेही नाही.

दिवाळीची सुटी मी शिवण्यात घालवली. लोडांबरोबर आलेल्या जुन्या अभ्र्यांत अक्काच्या हातचा तो विटलेला अभ्रा होता. तो मी वेगळा काढून माझ्या पेटीत तळाशी ठेवला. बाकीचे जुने अभ्रे फाडून आतल्या थरात घातले. मग लुगडी पसरली. हिरव्या लुगड्याचा काठ मी लोडाच्या बरोबर तोंडावर येईल असा लावला, वरच्या बाजूला. चंद्रकळेचा तसाच. अंजिरीचाही. लोड उलटा करून ठेवला तरी दिसावा म्हणून मागच्या अंगालाही एकेक पट्टी घेतली. टाके बारीक घातले, अक्काच्या टाक्यांहून बारीक, कारण तिला घाई असे आणि मला नव्हती. काही वेळा शिवता शिवता मी मनात तिला म्हणत असे, राणी पुढे काय करते ते आता बघ.

सगळे शिवून झाल्यावर माप घेऊन कापले. बोटभर नव्हे, दोन बोटे कमी. लोड आत घालायला गुडघा रोवावा लागला. मग तोंडे दुहेरी दोऱ्याने शिवून बंद केली आणि गाठी आत ओढून घेतल्या. कुठे सुरुवात आणि कुठे शेवट हे मलाही शोधावे लागले असते.

पाहुणे यायचे त्या सकाळी मी लोडांबरोबर त्याच गाडीतून गेले. लोड चादरीत गुंडाळलेले होते. सोप्यात गादी अंथरून तयार होती. सासूने पहिल्या लोडावरची चादर काढली आणि तशीच उभी राहिली.

"काठ आत घाल म्हणलं हुतं न्हवं?"

"आत घातला तर बसत नाही. काठ जाड असतो."

"काढ ह्ये."

"निघत नाहीत, मावशी. उसवायला दिवस जाईल."

"मग जुनं घाल वर."

"जुने ह्यांच्याच पोटात आहेत."

तिने स्वतः कोपरा धरून ओढून बघितला. अभ्रा हलला नाही. तिच्या हाताला कष्टाची सवय होती, बोटे जाड होती, आणि त्या बोटांना माझा टाका धरता येत नव्हता, हे मी उभी राहून बघितले.

"शिकलेली सटवी," ती हळूच म्हणाली. मग तिने दाराकडे बघितले, लोडांकडे बघितले आणि तिचा चेहरा सैल झाला. "बसू दे. सोप्यात बापय माणसं बसणार. त्यास्नी काय कळतंय काठातलं?"

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि एवढ्या दिवसांत ते माझ्या लक्षात आले नव्हते. बायका सोप्यात टेकत नाहीत. त्या सरळ माजघरात जातात. आमच्या भागातला पुरुष दुसऱ्याचा बैल तीन शेतांवरून ओळखेल, पण लुगडे ओळखणार नाही. मी अक्काला सोप्यात मांडली होती आणि तिथे तिला ओळखणारे कोणी बसणार नव्हते.

पाहुणे आले. चार-पाच पुरुष, आणि बरोबर मुलीची आत्या, साठीची, काटक बाई. आत्या माजघरात आली. पुरुष बैठकीवर टेकले. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या माणसाने लोडावर थाप मारली. "लोडं लय झ्याक केल्यात. आमच्यात नुसती पोती हायती, पाठीला गुठळ्या लागत्यात." सगळे हसले. सासूने मागे वळून माझ्याकडे बघितले आणि तीही हसली. मी माजघराच्या दारात उभी होते. त्यांना आरामात बसता यावे म्हणून मी सुटीभर शिवत बसले होते, असेच झाले होते.

मग दाजी आले. पाहुण्यांना रामराम करून गादीच्या टोकाला बसले आणि सवयीने कोपर लोडावर टेकले. वडीलधारे पाहुणे त्यांना पलटणीचे, पगाराचे विचारत होते. दाजी उत्तरे देत होते. बोलता बोलता त्यांचा अंगठा काठावरून फिरला. पुन्हा फिरला. ते थांबले. कोपर उचलून ताठ बसले.

"आई, ह्ये कुठलं?"

"जुन्याचं केलंया. कुठलं म्हंजे?"

"ह्ये मी बेळगावातनं आणलं हुतं. मी आलो की नेसणार म्हणून तिनं घडी मोडली नव्हती."

वडीलधाऱ्या पाहुण्याने पानाचे तबक जरा बाजूला सारले. ते सभ्य गृहस्थ होते. विषय कधीतरी निघायचाच होता आणि आता निघाला होता. "पयल्या बाईंचं लय वंगाळ झालं म्हणं," ते म्हणाले. "एकाएकी गेल्या?"

"एका दिसात," सासू म्हणाली. "काय करायला सवडच न्हाई गावली. ही की तिची बहीण, शाळंत मास्तरीण हाय. हिनंच लोडं केल्यात आवडीनं. इचारा हिला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी कधी पुरुषांच्या बैठकीत तोंड उघडले नव्हते. माझा आवाज वर्गात असतो तसाच निघाला.

"मावशी, पाहुण्यांना बैलांचं सांगा."

"कसलं बैल?" दाजी म्हणाले.

सासू माझ्याकडे बघत राहिली. टाळायला जागा नव्हती. मुलगा तिच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी ती म्हणाली, आणि ती मान खाली घालून म्हणाली नाही हे मी तिच्या बाजूने नोंदवते, "गुऱ्हाळ चालू हुतं. शेजारीण दवाखान्याला गाडी मागत हुती. बैल चरकाला हुतं. काहिलीत रस पडला हुता. मी म्हणलं, आजचा दिस जाऊ द्या."

ते वाक्य आले. त्यासाठी मी वर्षभर थांबले होते. आणि वडीलधारे पाहुणे मान हलवून म्हणाले, "काहील चढल्याव बैल कसं सुटतील? रस आंबतोय." दुसरा म्हणाला, "व्हय, व्हय. आन चुलवाण इझलं की ढेप काळी पडती." त्यांनी ते वाक्य उचलले आणि गुळाच्या भावात मोजले.

माझ्या मागून कोणीतरी मला हाताने बाजूला केले. आत्या होती. हातात चहाची कपबशी होती.

"जोड्या किती तुमच्यात?" तिने विचारले.

दाजी म्हणाले, "दोन."

"म्हंजे एक चरकाला, आन एक दावणीला हुती. वैरण खात."

दाजी आईकडे बघत होते. आई चुलीकडे.

आत्याने कपबशी उंबऱ्याच्या कडेला ठेवली. "उठा रं," ती भावांना म्हणाली. "आमची पोरगीबी कवातरी आजारी पडंल. गुऱ्हाळ तर दरसाल असतंय."

"आगं, च्या तर हू दे," वडीलधारे म्हणाले.

"घरला जाऊन पी."

ते उठले. लोडांवर त्यांच्या पाठींचे खळगे पडले होते. शिवण घट्ट होती. बघता बघता भरून आले.

पाहुण्यांची गाडी वळल्यावर सासू मला म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हणाले. ते खरे होते. समाधान झाले असते तर मी तिला तसे सांगितले असते.

मला पोचवायला गाडी जुंपतो असे गाडीवान म्हणाला. मी नको म्हटले. सडकेपर्यंत चालत गेले. ती किती जवळ आहे हे मला पायांनी बघायचे होते. रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंना ऊस. चार माणसांनी बाजेवर घालून नेले असते तरी मोटार गाठता आली असती. मी पोचले तेव्हा पायांवर नीट धूळही बसली नव्हती.

पुढे त्या घराला कृष्णाकाठची मुलगी मिळाली नाही. आत्याने ती हकिगत पलूसला नेली, तिथून ती इस्लामपूरच्या बाजारात आली आणि बायकांनी ती घरोघरी पोचवली. अक्काच्या सासूने पोराचा विषय काढला की समोरची बाई विचारी, "जोड्या किती तुमच्यात?" अक्काच्या उशाशी बसलेल्या त्या शेजारणीने मला हे सांगितले तेव्हा मी तिला पुन्हा सांगायला लावले. लोड भिंतीकडे वळवून ठेवले होते म्हणे. मागच्या अंगालाही काठ आहे हे त्या घराला तेव्हा कळले.

सुटी संपून परत जाण्याआधी दाजी आमच्याकडे आले. खांद्यावर लोड होता, हिरव्या काठाचा. सडकेपासून तसेच चालत आले होते. वाटेत लोकांनी बघितले असणार. वडिलांनी त्यांना बसायला घोंगडे टाकले. लोड मांडीवर घेऊन ते बसले, एखादे मूल घेऊन बसावे तसे.

"ह्ये उसवून लुगडं मोकळं करून द्या," ते मला म्हणाले. "मी बरोबर नेतो."

"आधी शिवून मग कापलंय, दाजी. उसवलं तर चिंध्या निघतील."

ते टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. लढाईत त्यांच्या एका बोटाचे पेर गेले होते. ते बोट टाक्यांवर नीट टेकत नव्हते.

"मला कुणी कळवलं न्हाई बैलांचं," ते म्हणाले. "एका दिसात गेली, एवढंच कळवलं हुतं."

सुटीवर आल्यापासून ते आमच्या दारात आज पहिल्यांदा आले होते. पलूसला मात्र त्याआधी जाऊन आले होते.

"ह्यात तिच्या हातचा टाका कुठला?" त्यांनी विचारले. "एक तरी आसंल."

"एकही नाही. सगळे माझे आहेत."

"तिनं केलेला जुना अभ्रा हुता. त्यो?"

"अस्तरात गेला."

त्यांनी लोड पुन्हा खांद्यावर घेतला, वडिलांच्या पाया पडले आणि निघाले. माझी पेटी त्यांच्या मागेच होती. उठताना त्यांनी तिचाच आधार घेतला होता. वडिलांना पेटीत काय आहे ते माहीत होते. ते दारात उभे राहून दाजींना दूरपर्यंत बघत होते, आणि मी हाक मारीन असे त्यांना वाटत असावे. मी मारली नाही. आजही मारणार नाही.

तो अभ्रा अजून माझ्याजवळ आहे. रंग पार गेला आहे, टाके शाबूत आहेत. त्यात भरायला लोड नाही, म्हणून घडी घालून ठेवला आहे. हे लिहिण्याआधी तो काढून बघितला आणि पुन्हा पेटीला कुलूप लावले.